वीज गेल्यावर वीज वापरण्याबाबत

गच्चीवर बेचाळीस पॅनल होते. सहा-सहा पॅनलमागे एक, असे सात इन्व्हर्टर होते. सात घरांचे, पाच कंपन्यांचे आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले. शिवाय दोन पाण्याच्या टाक्या, कपडे वाळत घालायच्या पाच दोऱ्या, अकरा कुंड्या (चारांत रोपं, बाकीच्यांत नुसती आशा) आणि एक मोडकी खुर्ची, जिची मालकी आजवर कुणी मान्य केलेली नव्हती. ऊन स्वच्छ होतं. या सगळ्यातून सकाळी अकरा वाजून चौदा मिनिटांनी तयार होत असलेली वीज होती शून्य.

कारण वीज गेली होती.

अशा वेळी इमारतीतला प्रत्येक शहाणा माणूस एकच प्रश्न विचारायचा, आणि तो नेमका दशांशलाच विचारायचा. "ऊन आहे, पॅनल आहेत, मग माझा पंखा का बंद?"

दशांश म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या आत्याचा भाचा. वय पंचवीस, शिक्षण एम.एस्सी., नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, पाळी दुपारी तीनची. राहायला आला त्याच आठवड्यात सोसायटीच्या अध्यक्षांच्या घरी कुणीतरी त्याला चहात साखर किती घालू म्हणून विचारलं, आणि तो म्हणाला, "एक पूर्णांक चार दशांश चमचे." त्या क्षणापासून त्याचं खरं नाव इमारतीपुरतं निकालात निघालं.

"हे इन्व्हर्टर बाहेरच्या विजेचा ठेका ऐकत चालतात," तो समजावून सांगायचा. "सेकंदाला पन्नास ठोके. ठेका थांबला की हेही थांबतात. मुद्दाम तसं केलंय. नाहीतर रस्त्यावर खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या गच्चीवरून झटका बसेल."

"म्हणजे वीज असेल तेव्हाच वीज बनवतात?"

"हो."

"मग घेतलेत कशाला?"



रस्त्यावर वाहिन्यांची दुरुस्ती चालली होती. अकरा ते दोनच्या दरम्यान कधीही वीज जायची आणि तिला वाटेल तेव्हा यायची. बाकीचे लोक वैतागून गप्प बसले असते, पण आत्याचा प्रश्न वेगळा होता. आत्या निवृत्त नर्स. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, जिना डॉक्टरांनी कायमचा बंद केलेला. सात महिन्यांपूर्वी ती लिफ्टमध्ये पन्नास मिनिटं अडकली, आणि बाहेर येताच तिने जाहीर केलं, "वीज नसताना ही लिफ्ट चालते असं मला दाखवल्याशिवाय मी तिच्यात पाय ठेवणार नाही." तेव्हापासून ती चौथ्या मजल्यावरच होती.

त्यात दोन महिन्यांपूर्वी तिची वॉर्डातली तीस वर्षांची जोडीदारीण खुब्याचं हाड मोडून रस्त्यापलीकडच्या शुश्रूषागृहात येऊन पडली. तळमजला, खिडकीशेजारची खाट. भेटायची वेळ अकरा ते दोन. आत्या गॅलरीतून हात हलवायची, पलीकडच्या खिडकीतून एक टॉवेल हलायचा. आणि आता महिनाअखेरीस जोडीदारणीची मुलगी तिला कायमची आपल्या गावी नेणार होती.

"फोनवर बोलता ना रोज?" दशांश म्हणाला.

"फोनवर नाडी बघता येते का रे?" आत्या म्हणाली.

तेव्हा दशांशने समितीपुढे योजना मांडली. मीटरच्या खोलीत एक मोठी बॅटरी आणि तिचा स्वतःचा इन्व्हर्टर बसवायचा. बाहेरची वीज गेली की इमारत रस्त्यापासून आपोआप तोडायची आणि बॅटरीने पन्नासचा ठेका धरायचा. गच्चीवरच्या सातांना वाटेल वीज आलीच आहे, आणि ते मुकाट कामाला लागतील. लिफ्ट, दिवे, पंखे, सगळं इमारतीतल्या इमारतीत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिल्या मजल्याचं म्हणणं, बॅटरी गच्चीवरच ठेवा, म्हणजे तिलाही जरा ऊन लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या मेहुण्यांनी म्हणे हेच काम दोन वायरींत उरकलं होतं. मेहुणे मात्र त्या दिवसापासून परदेशी होते. अध्यक्षांनी फक्त एवढंच विचारलं, "यात बचत आहे ना?" अध्यक्ष टपाल खात्यातून निवृत्त झालेले. पार्सलांच्या सुतळ्या साठवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि रिकाम्या खोलीत चालू राहिलेला दिवा त्यांना तीन भिंतींपलीकडून जाणवायचा. दशांश "हो" म्हणाला. योजना मंजूर झाली.

मग बॅटरीची नोंद करायला तो वीज कार्यालयात गेला. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बॅटरी वीज घेते की देते?"

"दोन्ही."

"एकाच वेळी?"

"नाही. कधी घेते, कधी देते."

"मग घेत असेल तेव्हा या खिडकीत या. देत असेल तेव्हा चार नंबरला."

बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं, की इमारतीने दोन अर्ज करावेत. एक ग्राहक म्हणून, एक उत्पादक म्हणून. ग्राहकाची उत्पादकाला आणि उत्पादकाची ग्राहकाला हरकत नसल्याची पत्रं जोडावीत. दोन्हींवर सही मात्र एकाच माणसाची चालणार नव्हती. "स्वतःच स्वतःला हरकत नाही म्हणणं बरं दिसत नाही," बाई म्हणाल्या, आणि तत्त्व म्हणून ते दशांशला पटलं. तेव्हा अध्यक्ष झाले ग्राहक आणि खजिनदार झाल्या उत्पादक. खजिनदार म्हणजे अध्यक्षांच्या सौभाग्यवती. इमारत त्यांना काकू म्हणायची.

काकूंनी पत्र दोनदा वाचलं.

"यात लिहिलंय, माझी हरकत नाही."

"हो काकू. फक्त सही करायची."

"आणि असली तर?"

अध्यक्षांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"बत्तीस वर्षांत मला असं लेखी कुणी विचारलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "ठेवून जा बाबा. मी विचार करते."

त्यांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी दशांशच्या हातात कागद पडला: "उत्पादक स्वयंपाकघरात उभ्या असताना ग्राहक तिथला दिवा बंद करून जातात. ही सवय थांबेपर्यंत हरकत आहे." ग्राहकाने लेखी खुलासा केला, की सदर दिवा अनावश्यक होता. उत्पादकाने लेखी विचारलं, की सदर कांदा अंधारात चिरायचा का. हा सगळा पत्रव्यवहार जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दशांशने पोचवला, कारण व्यवहार कार्यालयीन असल्यामुळे परस्पर बोलायचं नाही असं दोन्ही बाजूंनी ठरवलं होतं. सहाव्या दिवशी ग्राहकाने फक्त स्वयंपाकघरापुरती हमी दिली, आणि सही मिळाली. नेमक्या त्याच दिवशी वीज कार्यालयातल्या बाई रजेवर गेल्या, आणि त्यांच्याशिवाय अर्ज मंजूर करून घेण्यात गेलेल्या आठवड्याचं वर्णन दशांश आजही टाळतो.

मग वायरमन आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने चार दिवसांत सगळं बसवलं, आणि उद्घाटनाचा शुक्रवार उजाडला.

अध्यक्षांनी दोन हुकूम काढले होते. पहिला, बॅटरी शंभर टक्के भरलेली हवी; कार्यक्रमाला रिकामी बॅटरी शोभत नाही. दुसरा सूचना फलकावर होता: "वीज गेल्यावर प्रत्येकाने आपली सर्व उपकरणे तात्काळ बंद करून बॅटरी वाचवावी." दशांशने ती सूचना वाचली होती. वाचून त्याला ती अगदी रास्त वाटली होती. पुढे सगळ्यांना माफ करून झाल्यावर स्वतःला माफ करायला त्याला हीच एक गोष्ट जड गेली.

अकरा वाजून सहा मिनिटांनी वीज गेली. दिवे एकदा लुकलुकले आणि चालूच राहिले. मिनिटभराने गच्चीवरचे सातही इन्व्हर्टर हिरवे झाले. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "मी स्वतः वर जाऊन आत्याबाईंना घेऊन येतो," आणि फुलांचा गुच्छ घेऊन लिफ्टमध्ये शिरले. शिरण्यापूर्वी त्यांनी दोन शब्द बोलायचे म्हणून तीन मिनिटं घेतली.

त्या तीन मिनिटांत सोळा घरांनी सूचनेचं पालन केलं. पंखे गेले, फ्रीज गेले. एका घराने भिंतीवरच्या घड्याळातला सेलसुद्धा काढला. वाचवायचं तर सगळंच.

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली. मीटरच्या खोलीतून शिटी वाजल्यासारखा लांबलचक आवाज आला, आणि इमारत अंधारली.

"दशांश!" लिफ्टच्या विहिरीतून आवाज आला. आवाज खोल गेला होता, अधिकार शाबूत होता.

"काका, दोन मिनिटं!"

"नेमकी किती?"

खोटं बोलणं दशांशला जमत नसे. "माहीत नाही!"

चौथ्या मजल्याच्या जाळीतून आत्याने खाली पाहिलं. "अध्यक्ष, आत बसायला काही आहे का?"

"नाही!"

"मग एकाच पायावर भार देऊ नका! आणि घाम आला तर सांगा!"

"सभा सुरू झाली आहे असं समजावं," विहिरीतून आवाज आला. "विषय पहिला. मी."

"अनुमोदन," काकू म्हणाल्या.

"तुम्ही विषय ऐकला तरी का?"

"तुम्ही आत आहात तोवर घरातला दिवा कुणी बंद करणार नाही, एवढं ऐकलं."

वायरमन गच्चीवरच्या यंत्रखोलीत गेला. ब्रेकची दांडी ओढून, लोखंडी चाक हाताने इंचाइंचाने फिरवत त्याने लिफ्ट दुसऱ्या मजल्याशी आणली. तेवीस मिनिटं लागली. अध्यक्ष बाहेर आले. गुच्छ त्यांनी दशांशच्या हातात दिला.

"तुझं एम.एस्सी. पाण्यात ना रे?" एवढंच म्हणाले, आणि जिन्याने खाली गेले.

त्या एका वाक्याने दशांशचा चेहरा जो पडला तो पडलाच. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण "मी तेव्हाच म्हणणार होतो" असं म्हणू लागला. न म्हटलेल्या गोष्टींचं इतकं मोठं भांडार या इमारतीत आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मेहुण्यांची दोन वायरींची पद्धत पुन्हा वर आली.

आत्याने मात्र त्याच्यापुढे चहा ठेवला. "तोंड पाडून काय बसतोस? रोग्याला झालं काय, ते बघ. नोंद असेल ना?"

नोंद होती. बॅटरीचा इन्व्हर्टर दर सेकंदाला सगळं लिहून ठेवत होता. दशांशने आलेख काढला. करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता: वर, खाली, वर, खाली, वर, आणि मग काहीच नाही.

त्याने दात्यांवरून पेन्सिल फिरवली. मग हळूच म्हणाला, "आत्या, वीज कमी नाही पडली. जास्त झाली."

"म्हणजे?"

"गच्चीवरून अठरा किलोवॅट येत होते. खाली लागत होते शून्य पूर्णांक तीन. बॅटरी आधीच काठोकाठ. जाणार कुठे? बॅटरीने ठेका जलद केला, पन्नासच्या वर. ती तिची खूण असते, 'जरा कमी द्या' म्हणायची. पण आपले सातही जण जुन्या शिस्तीचे. साडेपन्नासच्या वर गेलं की कमी करत नाहीत, सरळ उठून जातात. मिनिटभराने सगळे एकदम परत येतात. तिसऱ्यांदा आले तेव्हा बॅटरीने स्वतःलाच बंद करून घेतलं."

"म्हणजे उपासमार नव्हे," आत्या म्हणाली. "अपचन."

एम.एस्सी.ला दोन वर्षांत जे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं ते तिने एका शब्दात सांगितलं.

उपाय सरळ होता: सातही इन्व्हर्टरांना खूण समजायला शिकवायचं. म्हणजे सातांचं सेटिंग बदलायचं, त्याला पासवर्ड लागायचा, आणि पासवर्ड होते इन्व्हर्टर बसवणाऱ्या कंपन्यांकडे. तिघांचे मिळाले. एका कंपनीने विचारलं, कुठली कंपनी? ती तीच होती. एक कायमची बंद पडली होती. उरलेल्या दोघांचा माणूस पुढच्या महिन्यात येणार होता. जोडीदारीण जायला उरले होते नऊ दिवस.

दशांशने पेन्सिल घेतली. शिकलेले तिघे खूण पाळतील. न शिकलेले चौघे मिळून सरासरी दहा किलोवॅट ओततील. वीज फार तर तीन तास जाते, म्हणजे तीस युनिट. बॅटरी आधी साठ टक्केच भरून ठेवली तर तिच्यात बारा युनिटांची जागा. उरली अठरा. म्हणजे तीन तास, सतत, सहा किलोवॅट कुणीतरी संपवले पाहिजेत.

तो अध्यक्षांकडे गेला.

"काका, वीज गेल्यावर लोकांनी वीज वापरली पाहिजे."

"पुन्हा बोल."

"जास्त वापरली पाहिजे. इस्त्री, ओव्हन, कपड्यांचं मशीन. आणि बॅटरी साठ टक्क्यांच्या वर भरायची नाही."

अध्यक्षांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने सुतळ्यांचा गठ्ठा खिडकीबाहेर टाकायला सांगितलं होतं. "टाकी अर्धी भरली असताना नळ बंद करणारा माणूस तू पाहिलायस का?"

"मी करीन की बंद," काकू आतून म्हणाल्या. "उत्पादक मी आहे. दशांश, त्या सहांतले दोन माझ्या ओव्हनच्या नावावर लिही."

शेवटी अध्यक्षांनी कागद ओढला. हे मात्र मान्य केलं पाहिजे, की एकदा कागद ओढल्यावर हा माणूस अर्धवट काही करत नसे. दुसऱ्या दिवशी फलकावर नवी सूचना लागली. "विषय: वीज गेल्यावर वीज वापरण्याबाबत." खाली वेळापत्रक, मजलावार: कुणी इस्त्री लावायची, कुणी मशीन, कुणी ओव्हन. शेवटची ओळ होती, "या काळात कोणीही काटकसर करताना आढळल्यास त्याचे नाव फलकावर लावण्यात येईल."

पुढची वीज अकरा एकतीसला गेली. अध्यक्ष मजल्यामजल्यावर बेल वाजवत फिरू लागले.

"इस्त्री लागली का?"

"कपडेच उरले नाहीत हो इस्त्रीचे."

"पडदे काढा!"

जिन्यात दिवा जळत होता. भर दिवसा, रिकाम्या जिन्यात. अध्यक्षांचा हात आपोआप बटणाकडे गेला.

"हात!" काकू खालून म्हणाल्या. हात मागे आला. तो खिशात ठेवायला त्यांना कष्ट पडले, हे दशांशने स्वतः पाहिलं, आणि त्या माणसाबद्दल त्याच्या मनात जी काही अढी होती ती तिथेच सुटली.

अठ्ठेचाळीस मिनिटं वीज नव्हती. ठेका पन्नास पूर्णांक तीनच्या वर गेला नाही. रिकामी लिफ्ट चार वेळा वरखाली झाली. आत्या जाळीशी उभी होती. "एक," ती म्हणाली. तीनदा मोजल्याशिवाय तिने आयुष्यात कुणाचा ताप मान्य केला नव्हता.

एक दिवस सोडून पुन्हा गेली, दोन तास दहा मिनिटं. इमारतीतली पायपुसणीसुद्धा इस्त्रीची झाली. "दोन," आत्या म्हणाली.

आणि मग वीज जाईना.

सत्तावीस तारीख गेली, अठ्ठावीस गेली, एकोणतीस गेली. आत्या रोज नऊ वाजता तयार होऊन, हातात पर्स घेऊन खुर्चीवर बसायची. काकू ओव्हनसमोर, वायरमन मीटरच्या खोलीत. सोळा घरं इस्त्र्या घेऊन सज्ज, आणि पंखे गरगर फिरताहेत.

"आत्या, वीज आहे तोवरच चल ना," दशांश काकुळतीला आला. "परवा ती जाणार."

"दोन रीडिंगवर मी कधी सही केली नाही," आत्या म्हणाली. पण म्हणताना तिची नजर गॅलरीकडे गेली.

त्याने वीज कार्यालयाला फोन लावला. "आमच्याकडे वीज कधी जाणार, सांगू शकाल का?"

"गेलीय का?" पलीकडून त्याच बाई होत्या.

"नाही. जात नाहीये."

"जात नाही अशी तक्रार आहे?"

"हो."

काही क्षण कागद चाळल्याचा आवाज आला. "त्याचा फॉर्म नाही," बाई म्हणाल्या. मग थोड्या मायेने, "उद्या बघा. तुमच्या रस्त्याचं काम उरलंय थोडं."

तीस तारखेला अकरा वाजून नऊ मिनिटांनी दिवे लुकलुकले, आणि सोळा घरांतून एकाच वेळी आनंदाची आरोळी उठली. रस्त्यावरून जाणारा एक माणूस दचकून वर बघू लागला. "इस्त्री!" अध्यक्ष ओरडले. कुठेतरी कपड्यांचं मशीन घुमू लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी पडदे काढले. गच्चीवरचे सात दिवे एकामागून एक हिरवे झाले.

आत्या लिफ्टच्या दाराशी आली. तिने आतल्या दिव्याकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं, मग दशांशकडे.

"तिसरं रीडिंग मी आतून घेते," ती म्हणाली. "तू जिन्याने ये. दोघं अडकलो तर आलेख कोण काढणार?"

दार लागलं. दशांशने घड्याळाचं बटण दाबलं आणि तो जिन्याने पळत सुटला. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी इस्त्री हातात धरून जाळीशी उभं होतं.

त्या दुपारी कामावर जाण्यापूर्वी त्याने वहीत लिहिलं:

वीज गेली अकरा नऊला, आली बारा पन्नासला. इस्त्र्या पाच, ओव्हन तीन, मशीन चार. ठेका, सर्वांत जास्त: पन्नास पूर्णांक तीन आठ. लिफ्ट, चौथा मजला ते तळमजला: एकतीस सेकंद. आत्या घराबाहेर: दोन तास एकेचाळीस मिनिटं.